सर्कलसाहेबांची स्थळपाहणी

सर्कलसाहेब गेले त्या दिवशी मंगळवार होता. साडेदहाला मी वाचनालय उघडलं. अकरा वाजता त्यांच्या पत्नीचा फोन आला. मी आमच्या शिपायाला, शांतारामला सांगितलं. त्याने दार लावलं आणि आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो.

सर्कल हे त्यांचं आडनाव नव्हे. महसूल खात्यात तलाठ्याच्या वर जो मंडळ अधिकारी असतो, त्याला आमच्याकडे सगळे सर्कल म्हणतात. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी महाडच्या बाजारपेठेत भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येकजण त्यांना सर्कलसाहेबच म्हणायचा. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तरी त्या नावाने त्यांना ओळखणारी माणसं घरातलीच निघतील.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नोकरी संपते, पण खातं अंगातून निघत नाही. साहेब कुठल्याही नव्या जागी गेले की उंबऱ्याशी थांबायचे आणि चारी दिशांना एकदा वळून बघायचे. लग्नाचा मांडव असो, दवाखाना असो, कुणाच्या घरची सत्यनारायणाची पूजा असो. आधी पूर्व, मग पश्चिम, मग दक्षिण, मग उत्तर. जमिनीच्या कागदावर चतुःसीमा याच क्रमाने लिहितात. कुणी घराचा पत्ता विचारला तर सांगत, "पूर्वेस गटार, पश्चिमेस दातांचा दवाखाना, दक्षिणेस रस्ता, उत्तरेस माझे मेहुणे. मध्ये मी."

आणि दुसरं एक वाक्य होतं. दिवसातून एकदा तरी ते यायचंच. "स्थळ पाहिल्याशिवाय लिहायचं नाही."

हे नुसतं बोलणं नव्हतं. वाचनालयाच्या ओसरीवर बसून ते लोकांना अर्ज लिहून देत. पोलादपूरकडचे, उमरठकडचे, रायगडाच्या पायथ्याकडचे लोक एसटीने येत आणि पायरीवर बसून राहत. विहिरीबाबत अर्ज असेल तर साहेब आधी विहीर बघायला जात. वाट अडवल्याचा अर्ज असेल तर त्या वाटेने चालून येत. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी काकू म्हणते, एकदा मला म्हणाल्या, "सगळ्या तालुक्याचे बांध यांना पाठ. घरातला पाण्याचा पंप कुठे आहे ते विचार."

आता त्या पुस्तकाबद्दल सांगते.

गावातल्या एका डॉक्टरांचं कुटुंब पुण्याला गेलं तेव्हा त्यांनी दोन पेट्या पुस्तकं वाचनालयाला दिली. मी नोंदी करत होते आणि साहेब पुस्तकं पुसून माझ्या हातात देत होते. त्यात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक निघालं. पाठ सुटलेली, पानांना कसर लागलेली. अठराव्या शतकातल्या एका डॅनिश उमरावाचं चरित्र होतं ते, आणि शेवटी त्याची पत्रं. महाडमध्ये हे कोण वाचणार, म्हणून मी ते बाजूला ठेवलं. साहेबांनी ते उचललं, उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि मग खुर्ची ओढून घेतली.

तासाभराने म्हणाले, "बाई, हा आपल्या खात्यातला आहे."

तो खरोखरच त्यांच्या खात्यातला होता. मोठ्या वाडीवस्तीच्या मालकाचा मुलगा, लहानपणी कोपनहेगनच्या राजवाड्यात हुजऱ्या म्हणून राहिला, चार भाषा शिकला. राजा वारला आणि नव्या राजाच्या माणसांशी त्याचं जमलं नाही. मग त्याला उत्तरेकडच्या एका जिल्ह्याचा अधिकारी करून धाडलं. तिथे समुद्रावरचा वारा वाळू उडवत आणायचा आणि ती शेतांवर, घरांवर बसायची. एका चर्चच्या खिडक्यांपर्यंत वाळू चढली होती.

"गैरसोयीच्या ठिकाणी बदली," साहेब म्हणाले. "कोपनहेगनहून पोलादपूरला टाकला म्हणा ना."

उमराव तिथेच राहिला. शेतकऱ्यांचे अर्ज ऐकले, बांधांची भांडणं मिटवली, वाळूत तग धरणारं एक गवत लोकांकडून सक्तीने लावून घेतलं. लोकांनी त्याला शिव्या घातल्या आणि वीस वर्षांनी त्याच गवताला त्याचं नाव दिलं. फावल्या वेळात तो लिहायचा. शेतीवर लिहिलं, अधिकाऱ्यांच्या कर्तव्यांवर लिहिलं, कविताही केल्या. कवितांबद्दल चरित्रकाराने फारसं काही म्हटलेलं नाही. साहेब म्हणाले, "वाचल्या मी दोन. कारकुनाने शांत राहायला हवं होतं."

हे चरित्र मराठीत लिहायचं त्यांनी ठरवलं. भाषांतर करायचं नव्हतं, स्वतःच्या पद्धतीने लिहायचं होतं. मी विचारलं, कुणासाठी? म्हणाले, "नव्या तलाठ्यांसाठी."

त्यांची पद्धत मी जवळून पाहिली. फुलस्केप कागद, डावीकडे तिसरा हिस्सा कोरा. ती जागा शेऱ्यासाठी. प्रकरणांची नावं अशी: 'सदर उमराव यांच्या जन्माबाबत', 'सदर उमराव घोड्यावरून पडल्याबाबत', 'वाळू सरकत असल्याबाबत'. उमरावाचं नाव मात्र कुठेच नाही. त्याचा डॅनिश उच्चार काय, ते सांगणारं कुणी सापडेना. साहेबांनी ते तीन प्रकारे लिहून पाहिलं आणि तिन्ही खोडले. शेवटी नावाच्या जागी एक रेघ ओढली. "ऐकलेलं नाही, कसं लिहू?" म्हणून मीही ते नाव इथे देत नाही.

प्रत्येक प्रकरण संपलं की दोन पंचांच्या सह्या लागत. पहिली पंच मी, दुसरा शांताराम. पहिल्या दिवशी शांतारामने कागद उलटसुलट करून बघितला.

"साहेब, ह्यो माणूस गेला कदी?"

"दोनशे वर्षांवर झाली."

"आनि पंचनामा आता?"

"उशीर झालाय खरा. सही कर."

"मी त्याला वळखत पन नाय."

"ओळखीच्या माणसाला पंच घेत नाहीत रे. म्हणून तर तुला घेतलाय."

शांतारामने सही केली. पुढे त्याला त्या उमरावाचा लळा लागला. झाडू मारता मारता विचारायचा, "त्या डॅनिसवाल्याचं काय चाललंय? वाळू थांबली का नाय?"

ही सगळी चांगली वर्षं होती. सहा प्रकरणं झाली होती तेव्हा भागीबाई पहिल्यांदा आली.

साठीच्या आसपासची बाई, पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेवरच्या एका वाडीतली. पायरीवर बसली आणि तिने प्लास्टिकच्या पिशवीतून एक झेरॉक्स काढली.

"साहेब, माजा अर्ज लिवून द्या."

"कशाबाबत?"

"घराबाबत. डोंगर सरकला तवा पंचनामा झाला. त्यात माज्या घराला गोठा लिवलाय. बाकीच्या तिघांना खाली जागा गावली, मला नाय. मी अजून वरच ऱ्हातेय. भिंतीतनं हात जातो एवढी फट हाय."

साहेबांनी कागद हातात घेतला. बराच वेळ ते तो बघत होते. कागद एका पानाचाच होता.

"सही तुमचीच हाय खाली," भागीबाई म्हणाली.

"मग माझ्याकडे कशाला आलात?"

"तुमी नीट लिवता म्हनून."

त्यांनी पाच ओळींचा अर्ज लिहून दिला. फेरचौकशी व्हावी ही विनंती. भागीबाईने अंगठा दिला आणि ती गेली. ते वाडी बघायला गेले नाहीत. मला नवल वाटलं, पण गुडघे दुखतात, वय झालं, असं मी स्वतःला सांगितलं.

दोन महिन्यांनी ती उत्तर घेऊन आली. तत्कालीन मंडळ अधिकाऱ्यांनी समक्ष स्थळपाहणी करून पंचनामा केलेला असल्याने त्याबाबत शंका घेण्यास कारण दिसत नाही. साहेबांनी ते वाचलं, घडी घातली आणि तिला परत दिलं. "बघू," म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी ऐकला नव्हता.

भागीबाई उठताना म्हणाली, "हापिसात सगळी मानसं हेच सांगतात बगा. सर्कलसाहेबांनी लिवलंय म्हंजे खोटं नसनार."

नंतरचे काही आठवडे साहेब उमरावाच्या मागे लागले होते. सातवं प्रकरण होतं 'सदर उमराव यांनी केलेल्या स्थळपाहणीबाबत'. वाळूच्या कडेला कोळ्यांची एक वस्ती होती. उमरावाने त्या वस्तीबद्दल अहवाल लिहिला होता की आपण स्वतः तिथे उभे राहून पाहिलं, आता तिथे कुणी राहत नाही, होड्या आणि जाळी ठेवायच्या खोपी तेवढ्या आहेत. वाळूने उठवलेल्या लोकांना दुसरीकडे जमिनी मिळाल्या, त्यात त्या वस्तीचं नाव आलं नाही. चरित्रकाराने या अहवालाच्या भाषेचं कौतुक केलं आहे.

साहेबांची खोड अशी की अहवाल वाचला की ते तारीख बघत आणि त्या तारखेला माणूस कुठे होता ते दुसऱ्या कागदावरून ताडून पाहत. पुस्तकाच्या शेवटी पत्रं होतीच. त्याच तारखेचं एक पत्र निघालं, कोपनहेगनहून लिहिलेलं. काल रात्रीच्या जेवणाबद्दल आणि गाण्याबद्दल उमरावाने एका बाईंचे आभार मानले होते. तिथून त्या वस्तीपर्यंत घोडागाडीने आणि होडीने निदान सहा दिवस लागत.

"पकडला," साहेब म्हणाले आणि त्यांनी टेबलावर हात आपटला. वर्तमानपत्रं वाचणारी सगळी माणसं वर बघायला लागली.

शांताराम आला. "कोन, चोर गावला का?"

"चोर नाही रे. आपलाच माणूस."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, बरे आहेत, अंगणात बसलेत. पाचव्या दिवशी आले आणि आपल्या टेबलाशी न जाता माझ्यासमोर बसले.

"बाई, तारखेत छापणाऱ्याची चूक असू शकते."

"असू शकते."

"पत्र आधी लिहून ठेवलं असेल. तारीख मागाहून घातली असेल."

"तसंही असेल."

"त्याला संशयाचा फायदा द्यायला हवा. मी तसा शेरा लिहिलाय. मला ती सोय नाही."

मग त्यांनी सांगितलं. सलग सांगितलं, आवाज न चढवता, जसं ते कुणाच्याही जमिनीबद्दल सांगत.

ज्या पावसाळ्यात त्या वाडीचा डोंगर सरकला तेव्हा तो भाग त्यांच्याकडे होता. तलाठ्याची जागा रिकामी होती. माणूस कुणी दगावलं नव्हतं, पण घरांना तडे गेले होते आणि दोन दिवसांत पंचनामे पाठवायचे होते. ते निघाले. वाटेत ओढा आडवा आला. पाणी कमरेच्या वर होतं. वाडीतला एकजण दोर धरून अलीकडे आला. तो भागीबाईचा दीर. किती घरं, असं साहेबांनी विचारलं. तो म्हणाला, तीन घरं आणि एक गोठा.

तो खोटं बोलला नव्हता. भागीबाईचा नवरा गेल्यावर भावाभावांच्या वाटणीत तिच्या वाट्याला गोठा आला होता. तिने त्याला कुडाची भिंत घातली, सारवलं, चूल मांडली आणि मुलाला घेऊन तिथे राहू लागली. वाडीच्या बोलण्यात तो गोठाच राहिला. आमच्याकडे असं होतंच. ज्या जागेला एकदा जे म्हटलं ते तिथे काहीही झालं तरी बदलत नाही.

"इथवर मी कुणालाही तोंड दाखवू शकतो," साहेब म्हणाले. "पण छापील कागदावर पुढचा रकाना होता. राहता वापर आहे किंवा नाही. दिराने त्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मी खाली आलो, चहाच्या टपरीत बसून लिहिलं, राहता वापर नाही. आणि शेवटी लिहिलं, समक्ष पाहिले."

मी समोरची नोंदवही मिटली.

"पुढच्या महिन्यात माझी बदली झाली. त्या बाईला जागा मिळाली नाही हे मला ती इथे पायरीवर येईपर्यंत ठाऊक नव्हतं. त्यानंतर मात्र ठाऊक होतं. आणि तरी मी तिला पाच ओळींचा अर्ज लिहून दिला."

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"वर जायचं."

शिमग्याच्या सुमारास आम्ही गेलो. साहेब, मी आणि शांताराम. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे जीप, आणि जीप थांबली तिथून पायवाट. ज्या ओढ्याने त्यांना अडवलं होतं त्यात पाणी नव्हतं, नुसते दगड होते. साहेब दर वीस पावलांवर थांबत आणि आजूबाजूला बघत. मला आधी वाटलं हद्दी बघतात. मग त्यांचा श्वास ऐकू आला.

"साहेब, बसता का जरा?" शांताराम म्हणाला.

"बसलो तर तुला मला उचलून न्यावं लागेल."

"मग चला."

वाडीत आता एकच घर राहतं होतं. बाकीची तिन्ही घरं पडली होती, चौथऱ्यांवर करवंदीची झुडपं आली होती. भागीबाईचा मुलगा मुंबईत एका कँटीनमध्ये कामाला असतो, तो शिमग्याला आला होता. तिशीचा असेल. आम्ही कोण ते कळल्यावर त्याने हातातली कोयती खाली ठेवली नाही.

"आता आलात? एवढी वर्षं काय टाइमपास चालला होता?"

"गप रे," भागीबाई आतून म्हणाली. "मानूस चढून आलाय."

"चढून आलाय तर काय उपकार? आई इथं एकटी असते. पाऊस लागला की माझा तिकडं भेजा फिरतो. फोन लागत नाय, काय नाय."

"बरोबर आहे तुझं," साहेब म्हणाले.

त्याला वाद हवा होता. तो मिळाला नाही म्हणून तो आणखी चिडला आणि मागच्या बाजूला निघून गेला.

साहेब दाराशी थांबले. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर. उत्तरेच्या बाजूला डोंगराचा तो उघडा पडलेला भाग अजून तांबडा दिसत होता. मग ते वाकून आत गेले. एका बाजूला म्हैस, मधे कमरेएवढी भिंत, दुसऱ्या बाजूला संसार. फळीवर भांडी, नवऱ्याचा फोटो, एक कॅलेंडर. मागच्या भिंतीत वरपासून खालपर्यंत फट आणि फटीत कोंबलेली पोती.

"बसा. चहा ठेवते," भागीबाई म्हणाली.

"आधी लिहितो, मग चहा."

"आता कसली घाई, साहेब? एवढी वर्सं गेली तर चहापुरता वेळ जाईल की."

पण त्यांनी कागद काढला होता. ते बोलत आणि मी लिहीत होते. भिंती कुडाच्या. छप्पर पत्र्याचं. भांडी इतकी. अंथरुणं दोन. चुलीपाशी ते गुडघ्यावर बसले आणि त्यांनी चुलीच्या काठावर हात ठेवला.

"चूल एक, वापरात. लिहा, चूल गरम आहे."

पंचनाम्यात असं कुणी लिहीत नाही. मी लिहिलं.

मग ते तिथेच जमिनीवर बसले आणि भागीबाईला म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचंय. तेव्हा मी वर आलो नव्हतो."

"म्हाईत हाय."

साहेबांनी मान वर केली.

"वड्याच्या पल्याड छत्री धरून उबे होतात. मी वरनं बगत होते. जरा वेळ ऱ्हायलात नि गेलात."

"मग हे तुम्ही आधी का नाही बोललात? माझ्याकडे आलात तेव्हा तरी?"

भागीबाईने चुलीत एक लाकूड सारलं. "बोलून काय? तुमी वर आला नव्हतात म्हनून मी सांगायचं, नि सर्कलसाहेब खोटं लिवत नाय म्हनून सगळ्यांनी सांगायचं. माजं कोन ऐकनार? म्हनून म्हटलं, तुमीच लिवा."

चहा झाला. साहेबांनी कप दोन्ही हातांत धरला होता. मुलगा मागून येऊन दारात उभा होता. त्याने ते ऐकलं असावं. उतरताना तो साहेबांच्या पुढे चालला, आणि जिथे घसरण होती तिथे न बोलता हात पुढे करत राहिला. जीपपर्यंत आला आणि वळून गेला.

जबाब लिहायला साहेबांना तीन दिवस लागले. एका पानाचा होता. पहिल्या खर्ड्यात पावसाबद्दल आणि ओढ्याबद्दल एक वाक्य होतं. दुसऱ्यात ते काढलं.

"पानी होतं हे तर खरं हाय की," शांताराम म्हणाला.

"खरं आहे. पण दुसऱ्या दिवशी उतरलं होतं. तेव्हा मी जाऊ शकत होतो."

शेवटी जबाब असा झाला. मी त्या दिवशी वाडीत गेलो नव्हतो. 'समक्ष पाहिले' असे मी लिहिले ते खरे नाही. 'राहता वापर नाही' हे शब्द मला कोणी सांगितले नव्हते, ते माझे आहेत. सदर बाई तेव्हाही तिथे राहत होत्या व आजही राहतात. खाली सही, आणि पंच म्हणून माझी आणि शांतारामची.

कचेरीत तो कागद घेणारा अधिकारी तरुण होता. मी सोबत होते. त्याने वाचलं, उठून दार लावलं आणि म्हणाला, "साहेब, तुमची उदाहरणं देऊन आम्हाला शिकवतात. हे नका देऊ. त्या बाईंसाठी आपण दुसरा काहीतरी मार्ग काढू."

"दुसऱ्या मार्गातच इतकी वर्षं गेली," साहेब म्हणाले. "पोच द्या."

त्याने पोच दिली.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. काहींनी चांगलं म्हटलं. काहींनी म्हातारपणाला दोष दिला. त्यांच्याच बरोबरीचे एक निवृत्त गृहस्थ वाचनालयात यायचे ते यायचे बंद झाले. जाण्याआधी साहेबांना एवढंच म्हणाले की, "तुमच्यामुळे आता आमचेही जुने कागद बाहेर काढतील." साहेब म्हणाले, "काढू दे." साहेबांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला की, "बाबा, निवृत्तीच्या वेळी ज्यांनी तुमचा सत्कार केला त्यांना आता काय वाटेल?" सत्काराची शाल कपाटात होती. काकूंनी ती काढून शिलाई मशिनवर टाकली आणि म्हणाल्या, "धूळ बसते हो."

अर्ज लिहून घ्यायला येणारी माणसं कमी झाली. आधी वाटलं होतं ती वाढतील. मला हे अजून नीट उलगडलेलं नाही. लोकांना चूक न करणारा माणूस हवा होता बहुतेक. साहेब ओसरीवर बसून राहत. कुणी आलं नाही की आत येऊन उमरावाचं पुढचं लिहीत. आठवं, नववं, दहावं प्रकरण. उमराव म्हातारा झाला, पुन्हा राजधानीला गेला, एका भाड्याच्या खोलीत राहिला. त्याने आठवणी लिहिल्या. त्यात त्या कोळ्यांच्या वस्तीचा उल्लेख नाही. साहेबांनी शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'संधी होती.' एवढंच.

फेरपाहणीचा हुकूम निघायला सात महिने लागले. नवी तलाठी, पंचवीस-सव्वीसची मुलगी, स्वतः वर गेली, मोजमाप घेतलं, फोटो काढले. जाण्याआधी ती साहेबांना भेटायला आली होती. त्यांनी तिला वाट सांगितली, कुठे घसरण आहे ते सांगितलं आणि पाण्याची बाटली न्यायला सांगितलं. बाकी काही उपदेश केला नाही. पाहणी झाली, कागद पुढे गेला आणि पुढे थांबला. साहेब दर सोमवारी चौकशी करत. शेवटच्या सोमवारीही केली होती.

मंगळवारी सकाळी त्यांनी चहा घेतला, चष्मा पुसला आणि खुर्चीतच गेले. आम्ही पोचलो तेव्हा काकू त्यांच्याजवळ बसल्या होत्या. म्हणाल्या, "भागीबाईला कुणीतरी कळवा. तिला वाटेल, आता कोण विचारणार."

शांताराम दुसऱ्या दिवशी स्वतः वर गेला. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाली? म्हणाला, "काय नाय. म्हशीला पानी दाखवत होती, दाखवून झालं नि मग बसली. मला जेवायला वाढलंन."

उमरावाचं चरित्र दहा प्रकरणांचं आहे. त्याच्या मृत्यूचं प्रकरण नाही. शेवटच्या पानावर कडेला 'कबर पाहिलेली नाही' असं साहेबांच्या अक्षरात आहे. ते कागद मी कापडात बांधून संदर्भाच्या कपाटात ठेवले आहेत. मागितले तर बसून वाचायला देते. आजवर दोघांनी मागितले. ओसरीवरची खुर्ची काढलेली नाही. तिच्यावर आता वर्तमानपत्र वाचणारं कुणीही बसतं.

साहेब गेल्यावर दहाव्या आठवड्यात हुकूम आला. खाली रस्त्याच्या कडेला, जिथे त्या तिघांना जागा मिळाल्या होत्या, त्याच रांगेत भागीबाईला जागा मिळाली. मुलाने रजा घेतली, दिराच्या घरच्यांनी भिंतींना हात लावला, पावसाआधी पत्रे चढले. मागच्या आठवड्यात मी आणि शांताराम जाऊन आलो. भागीबाईने आम्हाला घर दाखवलं, पुढची खोली, मागची खोली, म्हशीसाठी वेगळी पडवी. फारसं बोलली नाही, कामात होती. खालच्या वस्तीत आता चार घरं आहेत.